उन्हाळ्यातलं कोलोन : कुठे लावावं, किती लावावं

एप्रिल लागला की आपण माठ काढतो, जाड पांघरुणं माळ्यावर टाकतो, जेवणात ताक आणि सोलकढी वाढवतो. अंगाला लावायचा सुगंध मात्र बहुतेकांचा बारा महिने एकच. डिसेंबरातल्या लग्नात ज्या ऊद-व्हॅनिलाच्या परफ्यूमची चार जणांनी चौकशी केली, तेच परफ्यूम मे महिन्यात सकाळच्या बसमध्ये शेजारच्याचं डोकं उठवतं. उष्णतेने सुगंधी द्रव्यं भराभर हवेत जातात. थंडीत अंगालगत राहणारा गोड, जड वास उकाड्यात एकदम पसरतो, घामात मिसळतो आणि नकोसा होतो. म्हणून उन्हाळ्यासाठी वेगळी बाटली असावी आणि ती लिंबू-संत्र्याच्या जातीच्या कोलोनची असावी, असं माझं स्वच्छ मत आहे. पुरुषांनी लावावं, बायकांनीही लावावं. लिंबाच्या वासात बाई-पुरुष असा भेद करण्यासारखं काहीच नाही.

या कोलोनबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते, "छान आहे हो, पण टिकत नाही." दुकानदारही तीच री ओढतो आणि गिऱ्हाइकाला अधिक दाट, अधिक महाग परफ्यूमकडे वळवतो. पण लवकर उडून जाणं हा या सुगंधाचा स्वभावच आहे आणि उन्हाळ्यात तो सोयीचा पडतो. दुपारी घामाघूम झाल्यावर सकाळचा शिळा वास अंगावर उरत नाही. तोंड, मान, हात धुतले, दोन फवारे मारले की पुन्हा टवटवीत वाटतं. हे एकदा मान्य केलं की कुठलं घ्यावं, किती लावावं आणि कुठे लावू नये, ही उत्तरं त्यातूनच निघत जातात.

हा स्वभाव कुठून येतो ते पाहायला एक नागपुरी संत्रं पुरे. सालीचा लहानसा तुकडा काढून उजेडात निरखून बघा. केशरी बाजूवर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. ठिपक्यांची बाजू पेटत्या मेणबत्तीकडे करून, चेहरा आणि बोटं लांब ठेवून, तुकडा चिमटीत दुमडा. पिशव्या फुटतात, तेलाचा बारीक फवारा उडतो आणि ज्योतीत क्षणभर ठिणग्या चमकतात. खोलीभर संत्र्याचा वास येतो आणि थोड्याच वेळात मागमूसही राहत नाही. कोलोनमधलं संत्र्याचं तेल हेच. साली दाबून, उष्णता न देता ते काढतात. त्यात ९० टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो. त्याचा रेणू अवघ्या दहा कार्बन अणूंचा, हलका, झटकन हवेत जाणारा. चंदनाच्या आणि वाळ्याच्या तेलातले मुख्य रेणू पंधरा कार्बनचे, जड. म्हणून चंदनाचा वास दुसऱ्या दिवशीही उशीला येतो आणि संत्र्याचा जेवणाच्या वेळेपर्यंतही थांबत नाही. यात कंपनीने काटकसर केली असं समजू नका. कितीही पैसे मोजले तरी लिमोनीनचं वजन वाढत नाही.

या घराण्यातल्या एकेका वासाची थोडी ओळख असलेली बरी, कारण खोक्यावर हीच नावं येतात. लिंबाचा तो चरचरीत, खास लिंबूपणा सिट्रल या द्रव्याचा. आपल्या गवती चहात सिट्रल लिंबाच्या सालीपेक्षा कितीतरी जास्त असतं. चहात गवती चहा घातल्यावर लिंबाची आठवण येते ती त्यामुळेच, आणि सुगंधाच्या कारखान्यांतही सिट्रल गवती चहापासून काढत आले आहेत. बर्गमॉट हे इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रिया प्रांतात पिकणारं फळ. ते कोणी सोलून खात नाही, सालीच्या तेलासाठीच लावतात. अर्ल ग्रे चहा प्यायला असाल तर तो फुलासारखा, किंचित कडसर वास तुमच्या ओळखीचा आहे. कडू संत्र्याच्या झाडाचं तर पानसुद्धा वाया जात नाही. फुलांपासून नेरोली, पानं आणि कोवळ्या डहाळ्यांपासून पेटिटग्रेन अशी दोन वेगळी तेलं निघतात. घरी लिंबाचं झाड असेल तर एक पान चुरगळून बघा. फळापेक्षा हिरवा, थोडा कडवट वास येतो. पेटिटग्रेनची जात तीच.

जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना हे इटालियन घराणं १७०९ पासून धंद्याला आहे. योहान मारिया फरिना याने तिथे बर्गमॉट, लिंबू, संत्रं यांचा हा हलका सुगंध अल्कोहोलात बसवला आणि त्याला आपल्या नव्या गावाचं नाव दिलं. त्याच गावातल्या ग्लॉकनगासे या गल्लीतल्या एका घराचा क्रमांक ४७११ होता. पुढे तोच क्रमांक एका कोलोनचं नाव झाला आणि ते आजही मिळतं. तुर्कस्तानात तर लिंबाचं 'कोलोन्या' हा घराघरातला रिवाज आहे. पाहुणा आला की त्याच्या ओंजळीत ते ओततात, लांबच्या प्रवासाच्या बसमध्येही प्रवाशांच्या हातावर देतात. आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर हातावर अत्तराचं बोट फिरतं, गुलाबदाणीतून शिडकावा होतो. भर उन्हाळ्यात आलेल्या माणसाला गार वाटावं हा भाव दोन्हीकडे सारखाच.

आणि कोलनवॉटर आपल्या घरांना परकं नव्हतंच. ताप चढला की रुमाल त्यात भिजवून कपाळावर घड्या ठेवायच्या, हे मागच्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवेल. अल्कोहोल पटकन उडतं आणि उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातं, म्हणून तो गारवा. कोलोन लावताक्षणी उन्हाळ्यात जे बरं वाटतं त्यातला निम्मा वाटा या गारव्याचा आहे. पण ती घड्यांची पद्धत आता चालू ठेवू नका, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. अल्कोहोल त्वचेतून आणि श्वासातून अंगात जाऊ शकतं. तापाला साधं कोमट पाणी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषधच बरं.

आता लावण्याकडे वळू. घामाच्या वासावर कोलोन मारून काही साधत नाही. ताजा घाम जवळपास निर्गंध असतो. त्वचेवरचे जिवाणू त्यावर वाढतात आणि मग तो आंबूस दर्प येतो. त्यावर लिंबू मारलं की दोन्ही वास वेगवेगळे कळतात आणि मिळून जास्त वाईट लागतात. आधी आंघोळ, मग काखेत बिनवासाचं घाम रोखणारं रोल-ऑन, अंगात धुतलेले आणि खडखडीत वाळलेले कपडे, आणि मग कोलोन. काखेतलं डिओ एका वासाचं, पावडर दुसऱ्या वासाची, साबण चंदनाचा आणि वर लिंबाचं कोलोन, अशी खिचडी बऱ्याच जणांच्या अंगावर असते. कोलोन हलकं असल्यामुळे या गर्दीत सगळ्यात आधी तेच दबतं आणि दोष त्यालाच मिळतो. उन्हाळ्यापुरता तरी साबण सौम्य वासाचा ठेवा आणि सुगंधी पावडर बाजूला ठेवा.

किती लावावं हे बाटलीवरच्या शब्दांवर अवलंबून आहे. 'ओ द कोलोन' म्हणजे साधारण २ ते ५ टक्के सुगंधी तेल, 'ओ द त्वालेत' म्हणजे ५ ते १५, आणि 'ओ द पार्फम' म्हणजे १५ ते २० टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतांशी अल्कोहोल आणि थोडं पाणी. अस्सल ओ द कोलोन सढळ हाताने लावायचीच वस्तू आहे, चार-पाच फवारे खुशाल मारा. त्वालेत असेल तर दोन-तीन. लिंबूवर्गीय सुगंधाचं पार्फम असेल तर एक, फार तर दोन. एक गफलत नेहमी होते. पुरुषांच्या कुठल्याही परफ्यूमला सरसकट 'कोलोन' म्हणायची अमेरिकेतली रीत आपल्याकडेही आली आहे. त्यामुळे दुकानात 'कोलोन' म्हणून हातात ठेवलेली बाटली खरं तर दाट पार्फमची असू शकते. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय फवाऱ्यांची संख्या ठरवू नका.

आपल्याला स्वतःला वास येईनासा झाला म्हणजे तो गेला, असं नसतं. नाक एका वासाला लवकर सरावतं आणि त्याची दखल घेणं सोडून देतं. तुम्हाला काहीच जाणवत नसतं तेव्हा लिफ्टमधल्या माणसाला ते नीट जाणवत असतं. पुन्हा फवारण्याआधी घरातल्या किंवा शेजारच्या टेबलावरच्या कोणाला तरी विचारा. नाहीतर दहा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन या आणि मग मनगट हुंगा.

जागा कुठली निवडावी? कोपराच्या आतली बाजू, छाती, पोट, गुडघ्यांच्या मागे. म्हणजे कपड्याखालची त्वचा. शरीराच्या उबेने वास हळूहळू कपड्यातून वर येतो आणि आजूबाजूच्यांच्या अंगावर जात नाही. मनगटावर मारून दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायची सवय बहुतेकांना असते. घासल्याने त्वचा तापते आणि आधीच पळायला बसलेली हलकी द्रव्यं आणखी लवकर पळतात. नुसतं वाळू द्या. दाढी केल्या केल्या गालावर मारू नका, अल्कोहोल झोंबतं आणि ताज्या पात्याने खरवडलेली त्वचा आधीच नाजूक झालेली असते. घामोळं उठलेल्या जागेपासून तर कोलोन पूर्ण लांब.

गळा, मान आणि हाताची उघडी बाजू मी मुद्दाम सांगितली नाही. तिथे उन्हाचा प्रश्न येतो आणि याबाबतीत मी कोणतीही सूट देत नाही. बर्गमॉट आणि आपलं कागदी लिंबू यांच्या सालीच्या दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेनसारखी द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले अतिनील किरण पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. लगेच काही दिसत नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो. साधारण एक-दोन दिवसांनी लाली, जळजळ, कधी फोड येतात, आणि ते बरे झाल्यावर मागे तपकिरी डाग उरतो. हा डाग काही आठवडे, कधी काही महिने हटत नाही. त्याचा आकार बघितला की कारण ओळखता येतं. गळ्यावर फवारा जिथे पडला तिथून ओघळ खाली जसा गेला असेल तशीच लांबट, थेंबासारखी पट्टी त्वचेवर उमटलेली असते. आपल्याकडे असा डाग दिसला की पित्त, उष्णता, साखळीची अॅलर्जी अशी कारणं शोधली जातात. त्या ठिकाणी सुगंध लावत होतात का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा आणि त्वचारोगतज्ज्ञांनी विचारलं नाही तरी त्यांना आपणहून सांगा.

चांगल्या कंपन्या आता बर्गाप्टेन काढून टाकलेलं बर्गमॉट तेल वापरतात. सुगंध उद्योगाच्या 'इफ्रा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत दाबून काढलेल्या साध्या बर्गमॉट तेलाला ०.४ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे नावाजलेल्या बाटलीचा धोका कमी. खरा धोका घरगुती प्रयोगांचा. 'नैसर्गिक' म्हणून लिंबाचं किंवा बर्गमॉटचं तेल ऑनलाइन मागवायचं, खोबरेल तेलात चार-सहा थेंब टाकायचे, अंगाला चोळून बाहेर पडायचं. हे करू नका. नैसर्गिक असणं आणि त्वचेला निर्धोक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला घरी मिश्रण करायचंच असेल तर गोड संत्र्याचं तेल किंवा वाफेवर काढलेलं लिंबाचं तेल निवडा, त्यांत हा त्रास जवळपास नाही. याच कारणासाठी, समुद्रावर किंवा शेतात सहलीला गेल्यावर सरबतासाठी ढीगभर लिंबं पिळली असतील तर उन्हात फिरण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. तिथेही हेच द्रव्य आणि हेच ऊन.

साधा नियम असा ठेवा. उघड्या अंगाला सनस्क्रीन, झाकलेल्या अंगाला कोलोन. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गळ्याला, मानेला लावायला हरकत नाही.

आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात कोलोनची सगळ्यात चांगली जागा त्वचा नाहीच, सुती कापड आहे. कापडाला घाम येत नाही, त्याची उष्णता कमी, त्यामुळे तेच कोलोन त्यावर जास्त वेळ राहतं. पांढरा सुती रुमाल घडी करून त्यावर दोन फवारे मारा आणि खिशात किंवा पर्समध्ये ठेवा. गर्दीत, उकाड्यात, एसटीत डिझेलचा वास डोक्यात जातो तेव्हा नाकाशी धरायला याच्याइतकं उपयोगी काही नाही. ओढणीच्या टोकाला, सदऱ्याच्या आतल्या पट्टीला, साडीच्या निऱ्यांच्या आतल्या बाजूला मारा. कापड हातभर लांब धरून फवारा म्हणजे ओला ठिपका पडत नाही. मात्र कोलोन पिवळसर किंवा हिरवट रंगाचं असेल तर पांढऱ्या कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा. रेशमावर मुळीच नको. पैठणीच्या पदरावर अल्कोहोलचा डाग पडला तर तो काढणारा कारागीर शोधावा लागेल. मोत्यांवरही नको, अल्कोहोलने मोत्याची झळाळी मंदावते. आधी कोलोन, ते वाळल्यावर दागिने, असा क्रम ठेवा. खोट्या दागिन्यांचं पॉलिशही त्यामुळे वाचतं.

मुंबई-कोकणचा उन्हाळा आणि नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा यांना एकच सल्ला लागू पडत नाही. किनाऱ्यावर हवा दमट, घाम वाळतच नाही. ओल्या त्वचेवर मारलेलं कोलोन घामाबरोबर ओघळून जातं. त्यामुळे तिथे सगळा भर कापडावर ठेवा आणि घरातून निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, पंख्याखाली अंग कोरडं असताना लावा. म्हणजे सुरुवातीचा अल्कोहोलचा झणका घरीच संपतो आणि लोकलच्या डब्यात तुमच्या बगलेशी उभ्या असलेल्या माणसाला फक्त मंद वास येतो. विदर्भात, मराठवाड्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतही नाही. त्वचा शुष्क पडते आणि शुष्क त्वचेवर सुगंध थांबत नाही. तिथे आंघोळीनंतर अंग थोडं ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, ते मुरलं की त्यावर कोलोन. इतक्या साध्या गोष्टीने फरक पडतो. एसी कचेरीत खिडक्या बंद, तीच हवा फिरत राहते. तिथे बाहेरच्या निम्मं पुरतं. शेजारच्याला दमा किंवा अर्धशिशी असेल तर त्या दिवशी रुमालही घरीच राहू द्या. दवाखाना, परीक्षेचा वर्ग आणि तान्हं बाळ बघायला जाणं या तीन प्रसंगी कोलोन लावू नका.

टिकण्याचा प्रश्न अगदीच सतावत असेल तर त्याला आपल्या मातीतला उत्तम उपाय आहे. वाळा. लिंबाच्या हलक्या वासाखाली वाळ्याचा जड, मातकट, गार वास ही जोडी जगभरच्या सुगंधकारांनी वापरली आहे, आणि माठात वाळ्याची जुडी टाकून वर लिंबाचं सरबत करणाऱ्या घरांना ती समजावून सांगावी लागत नाही. कनौजच्या कारागिरांचं खस अत्तर चांगल्या दुकानात मिळतं. काडीच्या टोकाने अगदी नखभर अत्तर छातीवर, कपड्याखाली लावा आणि पाच-दहा मिनिटांनी त्यावर कोलोन मारा. लिंबू उडून गेलं तरी खाली वाळा शिल्लक राहतो आणि दुपारी पुन्हा कोलोन मारलं की दोघांचा मेळ परत जमतो. हात मात्र आखडता ठेवा, खस जास्त झालं की लिंबाला पुसून टाकतं. मोगऱ्याचा गजरा माळणार असाल तर वाळा नको. नेरोली असलेलं कोलोन घ्या, ते मोगऱ्याच्या जातीलाच जवळचं आहे आणि दोन्ही वास भांडत नाहीत.

विकत घेताना घाई करू नका, कारण हा सुगंध पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यात सुंदर असतो आणि दुकानदार त्याच पाच मिनिटांत बिल करतो. कागदी पट्टीवर हुंगून फक्त नावडते बाजूला काढा. आवडलेलं एक कोपराच्या आतल्या बाजूला मारून घ्या आणि बाहेर पडा, तेही उन्हाळ्याच्या दिवसांत, एसी दुकानाबाहेर, पण ती जागा थेट उन्हापासून झाकून. पहिलं अर्धं मिनिट अल्कोहोल झोंबेल, ते सोडून द्या. मग लिंबू-बर्गमॉटचा लखलखीत वास येईल, तो साधारण दहा-पंधरा मिनिटं. तो ओसरताना मधलं अंग वर येतं. नेरोली, लॅव्हेंडर, रोजमेरी यांपैकी काहीतरी जाणवेल. तासाभराने त्वचेलगत जे राहिलं, कस्तुरीसारखं, लाकडी, शेवाळी किंवा नुसतं साबणासारखं, तेच तुम्हाला पुढे सोबत करणार आहे. ते आवडलं तरच परत जाऊन बाटली घ्या. १९६६ मध्ये आलेलं दिओरचं 'ओ सोवाज' कुठे हुंगायला मिळालं तर जरूर हुंगा. एदमों रुदनित्स्का या सुगंधकाराने त्यात लिंबाखाली जाईसारखा वास देणारं हेडिओन नावाचं द्रव्य आणि शेवाळाचा आधार घातला. उडून जाणाऱ्या लिंबाला तळाशी कसं धरून ठेवता येतं, ते त्यात नाकाला कळतं. महाग घेतलंच पाहिजे असं नाही. साधं ओ द कोलोन त्याच्या अंशभर किमतीत मिळतं आणि रुमालावर ते त्याचं काम चोख करतं.

त्वचा हळवी असेल तर खोक्यावरची लिमोनीन, लिनालूल, सिट्रल ही नावं बघून ठेवा. कोपराच्या आत एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहा. खाज किंवा पुरळ उठलं नाही तरच पुढे वापरा.

बाटली लहान घ्या, ५० मिलिलिटरची पुरे. कोलोनच्या मोठ्या बाटल्या हिशेबाने स्वस्त पडतात, पण लिंबूवर्गीय तेलं सगळ्या सुगंधांत लवकर बिघडतात. उष्णता, उजेड आणि हवा हे त्यांचे तीन शत्रू. बाटली अर्धी झाली की वर तेवढी हवा साचते आणि बिघाड वेगाने होतो. खिडकीतला आरसा, न्हाणीघरातली फळी आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड या तीन जागा पूर्ण वर्ज्य. खोक्यासकट कपड्यांच्या कपाटात ठेवा किंवा फ्रिजच्या दारात, घट्ट झाकण लावून. फ्रिजमधलं कोलोन दुपारी मानेमागे, पदराखाली किंवा कॉलरखाली मारलं की जो गारवा मिळतो तो एकदा अनुभवून बघाच. अल्कोहोलची वाफ घरातल्या साध्या तापमानालाच पेट घेऊ शकते, म्हणून गॅसजवळ, देवापुढे निरांजन लावलेलं असताना किंवा कोणी विडी-सिगारेट ओढत असताना फवारू नका. लावल्यावर अंग आणि कपडे वाळेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊ नका.

बिघडलेलं कोलोन ओळखणं सोपं आहे. रंग गडद होतो, लिंबाचा ताजेपणा जाऊन टर्पेंटाइनसारखा किंवा जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. असं कोलोन अंगाला लावायचं नाही, कारण हवेने बिघडलेलं लिमोनीन त्वचेला अॅलर्जी करतं. पण बाटली लगेच फेकूही नका. नव्या स्टीलच्या डब्यावरचा स्टिकर ओढून काढला की मागे जो चिकट गोंद राहतो, त्यावर हे कोलोन ओतून दोन मिनिटं ठेवा आणि फडक्याने चोळा, अल्कोहोल आणि लिमोनीन मिळून तो सोडवतात. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद ठेवा, आणि डबा साबणाने घासून मगच डाळ भरा.